पहिल्या ओळीतलं नाव

(पनवेल, २०१४. गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी छोटी कंपनी. सकाळचे अकरा.)

प्राची : परत सांग. कोन गावच्या गोदामाचं सॉफ्टवेअर द्रोणागिरीच्या गोदामाच्या सर्व्हरवर चढलंच कसं?

हृतिक : खरंच माहीत नाही, मॅडम. सॉफ्टवेअर चढवायच्या स्क्रिप्टचं तुमचंच टेम्प्लेट कॉपी केलं. पहिल्या ओळीतलं तुमचं नावसुद्धा तसंच ठेवलं.

प्राची : ठेवायलाच हवं. टेम्प्लेट माझं आहे. त्याखालच्या पाच ओळी भरल्यास?

हृतिक : चार. कोनवाल्यांनी सर्व्हरचा पत्ता दिला नव्हता. मला वाटलं, पत्ता नसेल तर सॉफ्टवेअर तयार होऊन नुसतं थांबेल.

प्राची : तुला वाटलं. तिकडे द्रोणागिरीचं गेट बंद पडलंय, प्रभाकर सरांना बाराच्या आत चूक करणाऱ्याचं नाव हवंय, आणि तू अजून पर्मनंट नाहीस. कळतंय ना?

हृतिक : कळतंय. फोन घेऊ? बाबांचा आहे. ते त्याच गेटवर असतात.

प्राची : स्पीकरवर घे.

काशिराम : हृतिक, आरं मशीन कोनच्या गाड्या मागतंय. आमच्या गाड्या त्याला ठावच नाय. आमी कागदावर नंबर लिवून सोडतोय, पन रांग पार रस्त्यावर गेली हाय. कोनी केला रं ह्यो घोळ?

हृतिक : बघतोय, बाबा.

काशिराम : डायवर लोक शिव्या घालतान त्याला. उन्हात उभे हायत.

हृतिक : ठेवतो, बाबा.

प्राची : सांगितलं नाहीस त्यांना.

हृतिक : काय सांगू? गावभर सांगत फिरतात, गेटचं मशीन माझ्या पोराच्या हापिसातलं हाय.

प्राची : स्क्रीन इकडे कर. खाली जा. अजून खाली. थांब. ही ओळ बघितलीस?

हृतिक : 'पत्ता रिकामा असल्यास द्रोणागिरी.' नाही. पाच ओळींखाली बोट लावायचं नाही, असं तुम्हीच बजावलं होतं. पत्त्याची ओळ रिकामी सोडली तर काय होईल, विचारायला आलो होतो मी. तुम्ही म्हणालात, टेम्प्लेट बघून घेईल.

प्राची : हो. म्हणाले होते.

हृतिक : ही ओळ कोणाची?

प्राची : माझीच. टेम्प्लेट आधी द्रोणागिरीसाठीच लिहिलं होतं. सारखा पत्ता टाकायचा कंटाळा यायचा. नंतर काढायची राहून गेली.

हृतिक : आणि सरांना काय सांगणार?

प्राची : आधी द्रोणागिरीचं जुनं व्हर्जन परत चढव. बाबांना सांग, पाच मिनिटं.

हृतिक : मॅडम, सरांचाच फोन वाजतोय.

प्राची : दे इकडे. हो सर, गेट सुरू होतंय. नाव? फाईल उघडा, पहिल्याच ओळीत आहे. नाही सर, हृतिक नाही. आपल्या अकराही प्रोजेक्टांत तेच नाव आहे.