काळा ठिपका बरोबर साठ

नाही, मला एक सांगा, धुनेच्या पानाच्या डोक्यावर मी ढळढळीत लिहिलंय, 'काळा ठिपका बरोबर साठ', म्हणजे मिनिटाला साठ ठोके, सेकंदाला एक, इतकं सरळ, तर मग त्या कॉम्प्युटरनं ते वाचायला नको? बरं, वाचायचं नसेल तर लिहू कशाला देतो मेला? लिहिताना हूं नाही की चूं नाही, आणि वाजव म्हटलं की सुटला चौखूर… तुम्हाला सांगतो, माणसावरचा राग निवतो, मशीनवरचा निवत नाही.

आमचा अग्निशमन दलाचा बँड. मी क्लॅरिनेट वाजवतो. आमचे बँडमास्तर निवृत्त होणार होते. माणूस कसा? तर इतकी वर्षं एकच वाक्य, तेही नाकातून, "कागदावर असेल तेच वाजवायचं. अक्कल घरी ठेवून यायची." मी कितीही जीव ओतला तरी तोंडातून 'वा' म्हणून नाही. तर मी म्हटलं, निरोपाची धून मीच लिहितो. मास्तर हॉलपासून फाटकापर्यंत चालत जातील, आम्ही वाजवू, आणि फाटकाशी वळून त्या माणसानं एकदा, फक्त एकदा 'वा' म्हणावं. जास्त मागत होतो का मी?

त्यांचा एक गुडघा दुखरा, म्हणून चाल बेताची. सेकंदाला एक पाऊल, पावलाला एक काळा ठिपका. नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर उघडलं, पाच रेघांवर एकेक ठिपका चिकटवला, वर 'साठ' लिहिलं, ऐकलं… अहो, मास्तर पळतायत! मागे आग लागल्यासारखे! साठाचे पन्नास केले, तरी तेच. चाळीस केले, तेच. ठळक अक्षरात 'सावकाश' लिहिलं, ढिम्म. मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, थांब लेका, तू वेग कमी करत नाहीस ना, मी ठिपकेच लांबवतो. काळा ठिपका म्हणजे एक ठोका, पोकळ ठिपका म्हणजे दोन. सगळे काळे पुसले, पोकळ घातले, ऐकलं… काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. वर 'साठ' परत लिहिलं, शोभेला, आणि पानं छापून वाटली.

तालीम? कुठे करणार तालीम? धून गुपित, आणि तालमीच्या खोलीत मास्तर कायम दाराशी खुर्ची टाकून बसलेले!

निरोपाच्या दिवशी मास्तरांच्या जागी ताल कोण देणार, तर ट्रम्पेटवाला. मास्तरांचा लाडका. त्यानं पान पाहिलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि सुरू. वर काळा बरोबर साठ, खाली सगळे पोकळ… करा हिशेब. पावलाला दोन सेकंद! मास्तरांनी पाय उचलला, आणि सूर काही संपेना. पाय हवेत. माणूस दुखऱ्या गुडघ्यावर उभा. मी भुवया उडवतोय, मान हलवतोय, आणि ट्रम्पेटवाला पुटपुटतोय, "कागदावर असेल तेच." दोन्हीकडच्या जवानांनी आपसूक टोप्या काढल्या. हिशेब खात्यातल्या बाई पदराआड हुंदके देऊ लागल्या. ड्रायव्हर फुलं घेऊन उभा होता, त्यानं ती हातात द्यायची सोडून मास्तरांच्या पायाशी ठेवली. आणि मास्तरांची थोरली बहीण उशिरा पोचली, तिनं फाटकातच मला विचारलं, "कधी गेला हो?"

घरी आलो तर बायको शांतपणे म्हणते, "अहो, तुम्ही ते नुसतं मजकूर म्हणून लिहिलंत. टेम्पोचा, म्हणजे वेगाचा, रकाना वेगळा असतो, तो भरलाच नाहीत तर मशीनला कसं कळणार? ते आपलं स्वतःच्या ठरलेल्या एकशेवीसनं वाजवत बसलं. तुमचं 'साठ' फक्त माणसांनाच दिसत होतं." म्हणजे बघा, ज्यानं वाचायला हवं होतं त्यानं वाचलं नाही, आणि ज्यांनी कधी कागदाकडे पाहिलं नाही, त्यांनी त्याच दिवशी अक्षर न् अक्षर पाळलं!

आणि फाटकाशी काय झालं ते राहिलंच. मास्तर कसेबसे पोचले, वळले, थेट माझ्यापाशी आले. "धून तुझी?" म्हटलं, हो. म्हणाले, "वा. मी गेल्यावर हीच वाजवा. एक ठिपका बदलायचा नाही. कागदावर आहे तशीच."

मिळाला हो, मिळाला 'वा'! आता चूक सुधारायची सोय नाही, आणि आहे तशी वाजवायची तर… तुम्हाला सांगतो, माणूस ठणठणीत आहे. रोज सकाळी माझ्या दारावरून फिरायला जातो. मी खिडकीतून मोजतो. सेकंदाला एक पाऊल… बरोबर साठ.