जाऊबाई, ब्रेकची डबी आणि घाट

"हॅलो? …हॅलो! हां, आता येतोय आवाज. मघाशी काय पाण्यात बुडून बोलत होतीस? …मी पोचले दुकानात. हो, हो… अगं ऐक ना, आधी माझं ऐक. गाडीपाशी आहेस ना तू? …मग जा ना खाली! मी इथे कोपरं मारत पुढे घुसलेय, आणि तू वर बसून केस वाळवतेस?"

दुकानातली चार डोकी वळली. मोठीचा आवाजच तसा. तलावावर पोरांना पोहायला शिकवून शिकवून हळू बोलणं ती विसरूनच गेली होती. तिने कुणाच्या कानात काही सांगितलं तरी ते पलीकडच्या काठाला ऐकू जायचं. फोनवर होती तिची धाकटी जाऊ. दोघींनी मिळून भंगारातून एक दांडगी, जुनी मोटरसायकल उचलून आणली होती आणि कित्येक रविवार घरामागच्या शेडमध्ये खपून ती पुन्हा उभी केली होती. आता गाडी चालायची झकास. थांबायचं मात्र तिच्या मर्जीवर होतं, कारण हँडलवरची ब्रेक ऑइलची डबी तडकली होती, आणि क्लचचीही तडकायच्या बेतात होती. आणि येत्या रविवारी दोघींना तिच्यावर बसून घाट ओलांडायचा होता. घाटापलीकडे धाकटीचं माहेर.

"पोचलीस? …दम खा. जिना उतरलीस, डोंगर नाही. सांग आता, गळतेय अजून? …कुठे, टाकीवर? अगं पुस आधी! कोरडं फडकं नको, पाण्याने धू. ब्रेक ऑइल रंग खातं… खाल्ला? …तू परवा मारलास तोच? …अरे देवा. …रडतेस काय त्यात? परत मारू. …हो बाई, तीन हात मारलेस, मला नाही माहीत तर कुणाला? तिन्ही हात माझ्या शर्टावर आहेत."

दुकानदार गुळगुळीत चेहऱ्याचा, हसरा माणूस होता. त्याने काचेच्या टेबलावर एकेक डबी अशी मांडली, की जणू मुलगी दाखवायला आणलीये.

"हे बघ, तीन प्रकार काढलेत यांनी. एक साधी, प्लॅस्टिकची, दुधी रंगाची. आतलं ऑइल बाहेरून दिसतं. दुसरी काळी, धातूची, गोल, पोटाला इवलीशी काच. आणि तिसरी सोनेरी. जोडीच आहे, ब्रेकची न् क्लचची. …दिसतेय कशी? सोनाराकडे जायचं ते चुकून इकडे आलेय असं वाटतंय. …हे म्हणतायत सोनेरी घ्या, लेडीजना शोभून दिसते. …हो ना! मीही तेच विचारलं, कानात घालायची आहे का म्हटलं."

दुकानदार खाकरला. सोनेरी जोडी त्याने जराशी मागे सरकवली. फार नाही, जराशीच.

"मोजपट्टी आहे जवळ? …लेकीच्या कंपासमधली? पळेल. पाइपचं तोंड मोज. आतून. …आतून म्हणजे आतून गं, पोकळ भाग! …सहा मिलिमीटर? सहा की साडेसहा? …'साधारण सहा' काय, भाजी घ्यायचीये का? डबीचं नळकं सैल बसलं तर परत तेच रामायण… सहा. पक्कं? …बरं. आता जुन्या झाकणावर काय लिहिलंय ते वाच. …चष्मा डोक्यावर आहे तुझ्या. …आहे ना? वाच. …डॉट चार. क्लचच्या पण? छान, दोन्हींना एकाच जातीचं ऑइल, एका बाटलीत काम झालं."

मोठीने दुधी डबी उजेडात धरून पाहिली. आत दोन रेघा होत्या, कमीत कमी आणि जास्तीत जास्त.

"नाही गं, दोन्ही सारख्या कशाला? …दिसायला? अगं, ब्रेकला ऑइल जास्त लागतं, क्लचला थोडं. ब्रेकला मोठी, क्लचला लहान. …उगाच नाही! पॅड झिजतात तसं ब्रेकचं ऑइल खाली खाली जातं. आणि या क्लचचं उलटं, प्लेटा झिजतात तसं वर चढतं. …खरंच! म्हणून काठोकाठ भरायचं नाही, वर थोडी जागा ठेवायची, नाही तर… कुणासारखं? …भावजींसारखं? झिजतील तसा पारा वर?"

मोठी इतक्या जोरात हसली की टायर बघायला आलेल्या एका गृहस्थांनी हातातलं टायर सोडलं. ते घरंगळत थेट दारापर्यंत गेलं.

"हळू बोल, नवरा आहे तुझा. वर ऐकू गेलं तर माझं नाव घेतील. …घेतातच? असू दे, तेवढंच नाव होतंय. …बरं, आता खोकल्याच्या औषधाची बाटली आण. …खोकला नाही झालेला कुणाला! मोठी डबी तेवढीच आहे, म्हणून. …आणलीस? डबीच्या जागी धर. हँडल उजवीकडे वळव, पूर्ण. …तुझ्या उजवीकडे. गाडीला कुठले हात? …टाकीला टेकते? …दोन बोटं राहतात? छान. आता डावीकडे. पुढच्या काचेला? …नाही ना? मग बसते. आणि मास्टर सिलिंडरच्या, त्या ब्रेकच्या दांडीपाशी असलेल्या नळकांड्याच्या, वर राहते ना बाटली? …वर म्हणजे उंचीला वर. …शाब्बास."

आता प्रश्न उरला काळी की दुधी. धाकटीला काळी हवी होती. प्लॅस्टिकने एकदा दगा दिला, आता धातूच, असं तिचं म्हणणं. मोठीचं मन दुधीवर होतं. जुनी डबी काय एका दिवसात तडकली नव्हती, वर्षानुवर्षं उन्हात पडून तिची पापडी झाली होती.

"अगं, घाटात त्या इवल्या काचेत डोळा घालत बसणार का आपण? दुधी असली की नुसती नजर टाकली… काय? …कोण आलं? …भावजी? शेडमध्ये? आज कसे उगवले ते? गाडी चालू झालेली कळली वाटतं?"

मोठीच्या कपाळाला आठी पडली. तिचा हा दीर आजवर शेडच्या उंबऱ्याशीसुद्धा आला नव्हता. गाडी काही चालू व्हायची नाही, अशी त्याची खात्री होती, म्हणून विरोध करायचेही कष्ट त्याने घेतले नव्हते. धाकटीची आई पडून तिचा खुबा मोडला, तेव्हापासून तिकडून फोन येत होते आणि इकडून त्याचं 'पुढच्या महिन्यात नक्की' जात होतं. महिने मात्र पुढेच पळत राहिले. एका रविवारी धाकटी मोठीकडे येऊन नुसती बसून राहिली. दुसऱ्या रविवारी दोघी भंगारवाल्याकडे गेल्या.

"काय म्हणतायत? …नीट सांग, कुजबुजू नकोस. …गाडी काढतो? त्यांची चारचाकी? …रविवारी? …स्वतः नेतो म्हणाले?"

दुकानदाराने 'मग कुठली देऊ?' अशी मान केली. मोठीने हाताने त्याला थांबवलं.

काम झालं होतं. हेच तर हवं होतं. धाकटी गादीच्या सीटवर बसून जाईल, काच वर करून, आईसाठी उशा घेऊन. मग हे असं रिकामं का वाटावं? मोठीला शेड आठवली. काळेमिट्ट हात, जमिनीवर बसून खाल्लेली बिस्किटं, 'ताई, हा स्क्रू कुठला उरला?' म्हणून घाबरलेली धाकटी. तलावावर दिवसभर शिट्ट्या फुंकून आल्यावर तिला घरात कुणी काही विचारत नसे. शेडमध्ये विचारत असे. आता ती गाडी शेडमध्ये उभी राहील, वर कापड टाकून. हे कुणाला सांगायचं? आणि सांगायचं तरी कुठल्या तोंडाने?

"…ऐकतेय गं. आहे मी फोनवर. …मग जा की! …खरंच म्हणतेय. मी कशाला रागावू? आईला बघायचंय तुला, ते महत्त्वाचं. …नाही, आवाज नाही बसला, इथे धूळ आहे. …गाडी कुठे पळून जातेय? म्हणजे, पळेल, ब्रेक नाहीत तिला… पण तू जा. …एक काम कर. भावजींना दे फोन. …दे म्हणतेय ना!"

तिने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"हां, भावजी. एकच विचारते. नक्की ना? …'बहुतेक' नको. …ऐनवेळी साहेबांचा फोन येणार नाही ना? टायर बसणार नाही ना? …नाही, थट्टा नाही करत मी. एरवी करते, आत्ता नाही. पोरीने आईला बघितलेलं नाही ती पडल्यापासून. रोज फोनवर 'बरी आहे' ऐकते आणि मागे येऊन गाडीचे नट पिळत बसते. एवढे पिळलेत की एक मला सुटत नाहीये. …हो, तुम्हाला काम असतं. सगळ्यांनाच असतं. …काय? 'दोघी बायका, घाटात'? अहो, घाटाला काय कळतंय कोण बाई नि कोण बुवा! वळण सगळ्यांना सारखंच. …हसू नका. …काय म्हणालात?"

मोठीने फोन कानाला घट्ट धरला. पलीकडून बोलणं सुरू होतं, तुटक तुटक. तिचा ओरडायला उघडलेला जबडा हळूहळू मिटला.

"…कधीपासून? …म्हणजे घाटात तो ट्रक समोरून अंगावर आला होता, त्यानंतर तिकडे गाडी घातलीच नाहीत तुम्ही? …आणि म्हणून दर महिन्याला पुढचा महिना? …अहो, मग सांगायचं होतं की! भीती वाटते म्हणायला काय कर लागतो? …नाही, हिला नाही सांगणार. …शेजारीच उभी आहे? …मग आता मी काय सांगायचं राहिलं? सगळं ऐकलं तिने. …बरं, द्या तिला."

टायरवाले गृहस्थ टायर घेऊन परतले होते, पण आता त्यांना ते बघायचं नव्हतं. ते आणि दुकानदार, दोघं मोठीच्या तोंडाकडे बघत होते.

"हां, बोल. …रडतेस की हसतेस? …दोन्ही? …मग काय ठरलं? …काय? परत बोल. …ते मागून येणार? चारचाकी घेऊन? …उशा, सामान, पाना-पेटी त्यांच्याकडे. आणि आपण पुढे? …म्हणजे त्यांनी फक्त आपल्या मागच्या लाल दिव्याकडे बघत हळूहळू यायचं? …तयार झाले? …झाले नाहीत, पण तू सांगितलंस? …अगं बाई माझे!"

मोठीने डोळे पुसले. दुकानात खरोखरच धूळ होती, थोडी.

"मग डबी? …दुधी? मघाशी तर काळीवरून जीव टाकत होतीस. …हो, नजर टाकली की ऑइलची पातळी दिसते, मीच म्हणाले. …कुणाला दिसायला हवी? …तुला? तुला कशाला, चालवणारीला… ए. ए, थांब. …घाट तू चालवणार? …अगं, तू फक्त मैदानात चालवलीयेस! आणि मैदानाला वळणं किती? दोन! दोन्ही डावीकडची! …नाही, विश्वास आहे माझा. …आहे म्हणतेय ना! …तुझी आई आहे, मान्य. तुझी वाट, मान्य. …'पोरांना पाण्यात ढकलताना तुम्ही कुठे विचारता' काय? ते वेगळं! …ते पाणी असतं! …आणि मी? …मागे? …मी मागे बसू? …गप्प बसायचं? पूर्ण घाट? अगं, ऐक ना… ऐक… हॅलो? …हॅलो?"

धाकटीने फोन ठेवला होता. जाऊ झाल्यापासून पहिल्यांदाच तिने मोठीच्या आधी फोन ठेवला होता.

मोठीने फोन खिशात टाकला. मग तिने दुधी डब्यांची जोडी पुढे ओढली, मोठी ब्रेकची, लहान क्लचची, आणि जन्मात पहिल्यांदा इतक्या हळू आवाजात बोलली की दुकानदाराला कान पुढे करावा लागला.

"या द्या. नवे पाइप, क्लॅम्प, डॉट चारची सीलबंद बाटली, सगळं द्या. …आणि अहो, मागे बसणाऱ्याला धरायला काही दांडा-बिंडा मिळतो का? …हो, मलाच. चांगला मजबूत बघा."