हेल्मेट घालून गुरबाणी

मार्गशीर्षातला गुरुवार, सकाळी दाट धुकं. दोन महिने थांबल्यावर गुरबाणी, म्हणजे शीख गुरूंची वाणी, शिकवणाऱ्या ऑनलाइन गटात मला जागा मिळाली होती. पाठाला डोकं झाकलेलं हवं, नाहीतर बाहेर, असा तिथला नियम. चाकणच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मोबाइल लावून बसलो, तर रुमाल घरीच राहिलेला. मग कामावरचं हेल्मेट घातलं.

मागून आमचा शिंदे म्हणाला, "राव, कँटीनमध्ये हेल्मेट? वरून चपात्या पडतात काय?"

माझा माइक चालू होता. शिकवणाऱ्या बीबीजी थांबल्या. "वो भाई क्या बोले?"

आता मला गटातून काढतात, असं वाटलं. तरी सगळं खरं सांगितलं.

त्या हसल्या. "चपाती गिरे तो थाली में रखना. सिर ढका है, पढ़ो."

मी चार ओळी वाचल्या. पुढच्या गुरुवारी सुरुवातीचं वाचन माझ्याकडे आहे.