पेला कोणी द्यायचा

उर्बान : पोट आत घे म्हणत नाहीये मी, श्वास घे म्हणतोय. चेहरा लाल झालाय तुझा.

योस्ट : पण कागदावर पोट आलंय.

उर्बान : आलंय, कारण ते आहे.

योस्ट : अरे, पण चिलखतातून पोट कसं दिसेल? चिलखत लोखंडाचं असतं.

उर्बान : असू दे लोखंडाचं. त्यालाही पोटाला वळसा घालूनच जावं लागतं.

योस्ट : तो खोगीरवाला पंच झाला तेव्हा त्याला कसा सडपातळ रंगवलास. साठीचा माणूस, काचेत पंचविशीचा दिसतो.

उर्बान : म्हणून तर त्याला कोणी ओळखत नाही. त्याची बायको परवा मला विचारत होती, हा कोण म्हणून.

योस्ट : बरं, राहू दे पोट. मिशा तेवढ्या भरघोस कर.

उर्बान : करतो. मिशांना काही लागत नाही. इतकी वर्षं काचा रंगवतोय मी, गावात जो कोणी पंच होतो तो इथे येऊन योद्धा होतो. त्यातल्या एकानंही कधी कोंबडी कापलेली माझ्या ऐकिवात नाही.

योस्ट : रीतच आहे ती. नवं सभागृह बांधलं की एकेका पंचानं एकेक खिडकीची काच द्यायची, आणि काचेत चिलखत घालूनच उभं राहायचं. पीठ लागलेल्या कपड्यांत उभा राहू का? झुरिकचे पाहुणे येणार, म्हणतील गिरणीवाला दिसतोय.

उर्बान : तू गिरणीवालाच आहेस.

योस्ट : ते त्यांना कशाला कळायला हवं?

उर्बान : कळणारच. पायाशी दोन ढाली येतात, एक नवऱ्याच्या घराण्याची, एक बायकोच्या. तुझ्या ढालीवर गिरणीचं चाक आहे. आता बायकोच्या ढालीवर काय घालू ते सांग, कोळसा हातातच आहे.

योस्ट : मासे घाल, तीन.

उर्बान : मासे डोरोथेआच्या माहेरचे.

योस्ट : हो.

उर्बान : डोरोथेआ गेली, योस्ट. मी शवपेटीला खांदा दिलाय.

योस्ट : माहितेय. माझ्याच पुढे होतास तू.

उर्बान : मग तू फेरेनाशी लग्न केलंस. मी जेवायला होतो.

योस्ट : दोनदा वाढून घेतलंस, तेही माहितेय. हे बघ, डोरोथेआचा भाऊ आज नगराध्यक्ष आहे. मला पंच कोणी केलं? त्यानंच. त्याची खिडकी माझ्या खिडकीला लागून, आणि तिच्यात हेच तीन मासे. परवा मला म्हणाला, 'दाजी, तुमच्या काचेत आमची ताई असेलच.' तो काही प्रश्न नव्हता, उर्बान. आणि सेंट जॉनच्या सणाला पंचांची नावं दरवर्षीसारखी पुन्हा पक्की व्हायचीत.

उर्बान : मग दोन्ही बायका घाल. लोक घालतात. वरच्या आळीतल्या लोहाराच्या चार झाल्या, चारही घातल्या. शेवटी त्याला उभं राहायला जागा उरेना.

योस्ट : फेरेनाला घराण्याचं चिन्ह कुठे आहे? तिचा बाप ऱ्हाईन नदीवर नाव चालवायचा. आणि ती आमच्याच घरी मोलकरीण होती, डोरोथेआच्या हाताखाली. नगराध्यक्षाच्या बहिणीच्या ढालीला तिच्याच मोलकरणीची ढाल चिकटवू? सभा सोडून निघून जाईल तो.

उर्बान : तीन मासे काढले बघ. आणि फेरेनाचं काय?

योस्ट : तिला कुठे दिसणार आहे? सभागृहात बायकांना प्रवेश नाही.

(फेरेना दार ढकलून आत येते. हातात खळ घातलेली पांढरी गळपट्टी.)

फेरेना : गळपट्टी विसरलात. चिलखतावर हवी म्हणाला होतात. खळ ओली आहे अजून, दाबू नका.

योस्ट : तू कशाला आलीस? कोणाबरोबर तरी पाठवायची.

फेरेना : कोणाबरोबर? घरात आता मोलकरीण नाही.

उर्बान : ये फेरेना. तुझ्या नवऱ्याला कागदावर उतरवतोय. हेच चित्र पुढे काचेवर जाणार.

फेरेना : छान आहे. पोट हुबेहूब आलंय.

योस्ट : ते कमी होणार आहे.

उर्बान : होणार नाहीये.

फेरेना : ही चाकाची ढाल. आणि हे मासे आत्ताच काढलेत, कोळसा अजून बोटाला लागतोय.

उर्बान : मी आपला सांगतील ते काढतो.

फेरेना : बरोबर काढलेत, तीनच असतात. डोरोथेआबाईंच्या चादरींच्या कोपऱ्यावर असेच होते, मीच धुवायचे.

योस्ट : फेरेना, मी तुला आज सांगणारच होतो.

फेरेना : कधी?

योस्ट : जेवण झाल्यावर.

फेरेना : जेवण झाल्यावर तुम्ही झोपता.

योस्ट : अगं, जरा समजून घे. ही काच काही आपल्या घरात लागणार नाही. ती सभागृहात. तिथे तुझं जाणं नाही, येणं नाही, रोज डोळ्यांसमोर असणार आहे असंही नाही.

फेरेना : ईस्टरच्या आधी सभागृहाच्या खिडक्या कोण धुतं?

उर्बान : पंचांच्या बायका.

फेरेना : मला वाटलं रीत बदलली की काय.

उर्बान : हे बघा, भांडू नका, मला एक सुचतंय. या काचांमध्ये नवऱ्यासमोर बायको उभी असते की नाही, हातात पेला घेऊन? नवरा दमूनभागून आलाय आणि ती त्याला पेला देतेय, असं. तर ढालीवर मासे राहू देत, म्हणजे नगराध्यक्ष खूश. पण ती बाई मी फेरेनासारखी काढतो. हेच गाल, हनुवटीवरचा हाच खड्डा. गावाला बघताक्षणी कळेल कोण ते.

योस्ट : झकास. दोघींचंही झालं.

फेरेना : म्हणजे ढाल त्यांची आणि पेला माझ्या हातात.

योस्ट : हो, तसंच.

फेरेना : तेच तर करत आले मी. त्यांच्या आजारपणात उशाशी काढ्याचा पेला घेऊन उभी असायचे. त्यांचा डोळा लागला की खाली येऊन तुमचा पेला. लग्न झालं, पहिल्यांदाच तुमच्याबरोबर पानावर बसले, तर तुम्ही म्हणालात, 'फेरेना, वाईन.' मी उठले. अजून उठतेय. बाजारात बायका अजून मला 'डोरोथेआबाईंची फेरेना' म्हणतात. आपल्या लेकीला, बार्बेलला, तिच्या मैत्रिणी विचारतात, तुझी आई तुमच्याकडे कामाला आहे ना? वाटायचं, बोलतात ती माणसं म्हातारी होतील, मरतील, विसरलं जाईल सगळं. आता तुम्ही तेच काचेत घालून भट्टीत भाजताय. मग ते कधीच जायचं नाही.

योस्ट : माझ्या मनात तसं नव्हतं गं.

फेरेना : मनात नसेल. कागदावर आहे.

उर्बान : मी जरा भट्टीकडे बघून येतो.

फेरेना : थांबा उर्बानदादा. काढायचं तुम्हालाच आहे.

योस्ट : तुला डोरोथेआचा राग आहे का?

फेरेना : नाही. चांगल्या होत्या त्या. पहिल्या हिवाळ्यात स्वतःचे बूट दिले मला, नवेकोरे. आणि तुमच्यापेक्षा जास्त बोलायच्या माझ्याशी. त्यांचे मासे पुसलेत तर मलाच वाईट वाटेल. ते राहू देत. फक्त त्यांच्या शेजारी माझ्या बापाचं वल्हं काढा. आणि मला बसलेली काढा.

उर्बान : बसलेली?

फेरेना : खुर्चीवर.

उर्बान : फेरेना, झुरिकपासून बर्नपर्यंतच्या काचा पाहिल्यात मी. बाई उभी असते. ती बसली तर पेला कोण देणार?

फेरेना : हे देतील.

योस्ट : मी?

फेरेना : उभेच आहात.

उर्बान : म्हणजे चिलखत घातलेला पंच, बायको खुर्चीवर, आणि हा तिला पेला देतोय. भर सभागृहात, नगराध्यक्षांच्या खिडकीला लागून.

फेरेना : त्यांचे मासे आहेत की जागच्या जागी.

योस्ट : तो विचारेल, ही बसलेली बाई कोण.

फेरेना : मग काय सांगाल?

योस्ट : उर्बान, लोक हसतील का रे?

उर्बान : हसतील.

योस्ट : आणि नगराध्यक्ष?

उर्बान : तो हसणार नाही. सेंट जॉनला तुझ्या नावाच्या जागी दुसऱ्याचं नाव वाचून दाखवेल. मग ही काच तू गिरणीत लाव, उंदरांना दाखवायला.

फेरेना : मला जे वाटतं ते मी सांगितलं. आता काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी पुन्हा हा विषय काढणार नाही. गळपट्टी वाळायला इथे दोरीवर टाकते. येते मी.

योस्ट : थांब जरा.

फेरेना : चूल पेटती ठेवून आलेय.

योस्ट : पेटू दे. उर्बान, खुर्ची काढता येते ना तुला?

उर्बान : खुर्ची कोणालाही काढता येते. पण तू नीट विचार केलायस ना? एकदा भाजली की काच बदलत नाही.

योस्ट : वल्हं कुठे बसवायचं ते तू बघ. आणि माझ्या हातांत हे काय घातलंयस?

उर्बान : लोखंडी पंजे. चिलखताबरोबर येतातच ते.

योस्ट : उजव्या हाताचा उतरव. असल्या बोटांनी पेला दिला तर तिच्या अंगावर सांडेल.