धाकट्या बेटामागचा लाल तुकडा

आजी : ...आणि हे लाल काय सांडलंय?

नात : सांडलं नाही गं आजी, नकाशा आहे हा. लाल म्हणजे खडक, पिवळी ती वाळू-शिंपले, करडा तो चिखल. धाकट्या बेटामागचा समुद्राचा तळ आहे तो. सगळा खडक.

आजी : कोण म्हणतं?

नात : मशीन. बोटीखालून आवाज सोडायचा, तो तळाला आपटून परत येतो. जोरात आला तर तळ कठीण, दबका आला तर मऊ.

आजी : जोरात तर मीही बोलते. म्हणून काय मी खडक झाले?

मामा : आई, याचं उत्तर पोरीकडून नको मागूस.

आजी : तू गप. तुझ्या बापानं बेचाळीस वर्षं वादळात तिथंच नांगर टाकला. खडकावर नांगर धरतो का रे? शिंपल्यांचा चुरा आहे तिथं, हातभर जाड.

मामा : मी इंजिनवाला माणूस. वादळात मी अंथरुणात असतो.

नात : चुऱ्यावरूनही आवाज जोरातच येतो, हे खरंय. मशीनला दोन्ही सारखंच वाटू शकतं.

आजी : मग! कर पिवळं.

नात : असं नाही करता येत. आज चार वाजता नकाशा कचेरीत द्यायचाय. हा तुकडा लाल दिसला की बंदरवाले तिथं नांगर टाकायला मनाई करणार. मग वादळात गावच्या होड्या जाणार कुठं?

आजी : आणि तरी लाल?

नात : घरच्यांसाठी रंग बदलला असं कुणी म्हटलं, तर माझा एकही नकाशा खरा मानणार नाहीत. पुरावा हवा, आजी. पाण्यात सोडायचा कॅमेरा बिघडलाय. साहेब म्हणतात, मशीन सांगतं तेच ठेव.

आजी : तुझा साहेब कधी गुडघ्यापर्यंत तरी भिजलाय का? ऊठ रे, माळ्यावरचा शिशाचा गोळा काढ. बुडाला खळगा आहे बघ त्याच्या. त्यात ओला साबण थापायचा. गोळा तळाला टेकला की खाली असेल ते साबणाला चिकटून वर येतं. तुझा बाप होडी धरायचा, गोळा मी टाकायचे.

मामा : आई, बारा वर्षं झाली तू होडीत बसून.

आजी : बसायला काय शिकवणी लावायची?

नात : अगं, हे चालेल! जागेचा आकडा टिपून असा नमुना घेतला तर कचेरी मानते. मामा, होडी आहे?

मामा : दुरुस्तीला आलेली आहे एक. इंजिन चालवून बघायचंच होतं.

(होडीत, धाकट्या बेटाच्या मागे. सकाळचे दहा.)

आजी : डावीकडे घे. अजून. टेकडीवरची पाण्याची टाकी त्या काळ्या सुळक्याच्या बरोबर मागे आली पाहिजे. एका रेषेत... थांबव!

नात : जागा टिपली. सोड.

आजी : तीन... सहा... नऊ वाव दोरी गेली. टेकला. ओढ आता, तुझे हात तरणे आहेत.

नात : आला, आला... साबण कोरा आहे. नुसता ओरखडा.

मामा : म्हणजे?

नात : खडक.

आजी : जरा पुढे घे, पुन्हा टाक.

मामा : पुन्हा ओरखडाच. आई, साबण संपेल, खडक संपायचा नाही.

नात : राहू दे आजी. मशीन बरोबर होतं, एवढंच.

आजी : राहू दे काय? बेचाळीस वर्षं काय मी झोपेत गोळा टाकत होते? सुळका तोच, टाकी ती... थांब. ही टाकी एवढी गोरीपान कधी झाली?

मामा : ती होय? नवी आहे. जुनी पाडून पाच वर्षं झाली.

आजी : आणि हे आत्ता सांगतोस, मेल्या?

मामा : तू टाकी म्हणालीस, मी टाकी धरली. जुनी की नवी, विचारलंस कुठं?

नात : मामा! जुनी कुठं होती?

मामा : पार उजवीकडे, त्या दोन उंच झाडांच्या मधोमध.

नात : फिरव होडी!

आजी : हसतेस काय गं?

नात : अख्खं गाव तुला टरकतं, आणि तुला एका टाकीनं गंडवलं!

आजी : दात नंतर काढा, आधी होडी हाका. झाडांमधली फट सुळक्यावर आण. हळू... आली. इथं आलं की तुझा बाप इंजिन बंद करायचा.

मामा : बंद केलं.

आजी : सोडते... आठ वाव. ओढ गं.

नात : जड लागतोय... आई गं! साबण दिसतच नाहीये! शिंपलेच शिंपले, नुसता पांढरा चुरा!

आजी : दे इकडे. हं. हाच. आता रडायला काय झालं?

नात : वारा लागला डोळ्यांना.

मामा : सकाळपासून पान हललेलं नाही.

नात : तू इंजिन बघ! अजून चार ठिकाणी टाकायचाय. खडक संपतो कुठं आणि चुरा लागतो कुठं, ती कड शोधायची. साबण उरलाय ना?

आजी : वडी अख्खी आणलीय. माझी खात्री होती, पण तुमची नव्हती ना.

मामा : चारही ठिकाणं झाली बुवा एकदाची. चार वेळा गोळा ओढून माझे खांदे निखळले. एक वाजला, कचेरी गाठायची ना?

नात : पाच ठिकाणी चुरा, दोन ठिकाणी खडक. कडेचा एवढा पट्टा लाल राहील, बाकी सगळं पिवळं. होड्यांची जागा वाचली, मामा! साहेबांच्या तोंडासमोर ठेवते ही नोंदींची वही. आता फक्त नमुना घेणाऱ्याचं नाव लिहायचं राहिलं. आजी, पाचांपुढे तुझं लिहिते. पहिल्या दोघांपुढे माझं घालते, म्हणजे टाकीची गोष्ट कुणाला कळायला नको.

आजी : का? कुठं नांगर टाकू नये, हेही कुणीतरी सांगायला हवंच की. सातांपुढे माझंच लिही.