शालीची पावती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे शेठ माननीय छबीलभाई, व्यापारी मंडळाकडून राजकोटहून भर उन्हात आलेले सन्माननीय पाहुणे, मॅनेजर रमणिकभाई, आणि खाली सतरंजीवर बसलेल्या माझ्या छत्तीस बहिणींनो, सर्वांना रंभाबेनचा नमस्कार.

मला आभाराचे दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. सव्वीस वर्षं भिंतीवरच्या घड्याळांना काटे बसवले, भाषणाची सवय नाही. त्यात आज फार थकल्यासारखं वाटतंय. सांभाळून घ्या.

शेठनी आत्ता सांगितलंच, लोक वेळ मोबाईलमध्ये बघतात, घड्याळं खपत नाहीत, आपला विभाग आजपासून बंद. पटलं हो. माझी नातसुद्धा तेच करते. आणि शेठचे उपकार विसरून कसं चालेल? दिवाळीला साडी, जन्माष्टमीला मिठाईचा डबा, पावसाळ्यात छत्री. दर वेळी रमणिकभाईंनी वही पुढे करायची, "घ्या बेन, इथे सही," आणि आम्ही करायची. वर काय लिहिलंय ते कधी कुणी वाचलं? लाभुबेन, तू वाचलंस? हसू नकोस, मीही नाही वाचलं.

आता एवढ्या उकाड्यात शाल कशाला, असं कुणी विचारू नये. मानाला काही ऋतू नसतो. गेल्या वर्षी साच्याच्या विभागातल्या रळियातबेनलाही अशीच शाल मिळाली होती. तिने दारातल्या टेबलावर सही केली, गांठिया-जलेबी खाल्ली, पोटभर रडली आणि घरी गेली. महिन्याभराने कामगार कचेरीत जाऊन म्हणाली, "साहेब, कामावरून काढायचं तर महिनाभर आधी कळवावं लागतं ना? नाहीतर त्या महिन्याचा पगार? आणि वर्षामागे पंधरा दिवसांचा?" साहेब भला माणूस. म्हणाला, "बेन, तो काढलेल्यांचा हक्क. तुम्ही तर आपणहून राजीनामा दिलाय. ही सही तुमचीच ना?"

एकोणीस वर्षांची नोकरी होती. आता बाजारात लसूण सोलत बसते. भेटली की शाल किती ऊबदार आहे ते सांगते, आणि मला मेलीला तिच्याकडे बघवत नाही.

तर रमणिकभाई, आज सकाळी तुम्ही मला म्हणालात, "रंभाबेन, तुमचं सगळ्या ऐकतात, शालीच्या पावत्यांवर सह्या तुम्हीच घ्या." विश्वास टाकलात, आभारी आहे. पण जेवणाच्या सुट्टीत मी चष्मा लावला. वर लिहिलंय, 'शाल व घड्याळ मिळाले.' त्याखाली बारीक अक्षरात, 'घरगुती अडचणीमुळे मी राजीखुशीने नोकरी सोडत आहे.'

अध्यक्षमहाराज, तुम्हीच सांगा, सदतीस घरांत एकाच मंगळवारी अडचण आली? कुणाची सासू पडली, कुणाच्या मुलीचं लग्न निघालं, सगळं आजच?

माइक बंद करू नका भाई, आभार राहिलेत अजून. आणि केलात तरी यंत्रांच्या खडखडाटात बोलून बोलून माझा आवाज असा झालाय की फाटकापर्यंत जातो.

लाभुबेन, पेन काढून काय बसलीस, ठेव ते. एकवीस वर्षं झाली तुला इथे, पोरीचं नर्सिंगचं एक वर्ष राहिलंय. गांठिया खुशाल खा, आपल्याच घामाचे आहेत. सही तेवढी करू नकोस.

शेठ, भांडायला माझ्या अंगात जोर उरलेला नाही. कारखाना तुमचा, बंद करायचा तर करा. पण काढताय तर काढलं असं लिहून द्या. अडचण तुमची आहे, ती आमच्या घरात ढकलू नका.

पाहुण्यांचे, मंडपवाल्यांचे, चहावाल्या काकांचे मनापासून आभार. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर म्हातारीचं म्हणून पोटात घाला. शाल इथे खुर्चीवर ठेवते. सदतीस कागद माझ्या पिशवीत आहेत, एकावरही सही नाही. आणि रमणिकभाई, मी काही नोकरी सोडलेली नाही. उद्या आठला येते, हजेरीपत्रक काढून ठेवा.