तारखांचं पॅकेज

— नाही नाही, बसा ना, फक्त त्या खुर्चीचा हात सैल आहे तेवढा सांभाळा. हां, तर तुम्ही विचारताय, चोर आत शिरला कसा. शिरला कुठे साहेब, आम्हीच त्याला बोलावून आणलं – तेही मानाने. म्हणजे बघा, दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर आमचं, त्यात तारखा मोजणारं एक छोटं पॅकेज – कोडचं तयार पुडकं म्हणा – मी लिहिलेलं, कंपनीपुरतं. आवृत्ती एक पॉइंट चार. आता अशी पुडकी जोडून सॉफ्टवेअर तयार करणारं आमचं बिल्डचं मशीन काय करतं? पॅकेजचं नाव घेऊन घरात, म्हणजे कंपनीच्या साठ्यात बघतं, बाहेर जगभरातल्या फुकट पॅकेजांचं कोठार आहे तिथेही बघतं, आणि ज्याचा आकडा मोठा ते उचलतं. कुणीतरी बाहेर त्याच नावाचं पॅकेज ठेवलं – आवृत्ती नव्याण्णव. झालं, मशीन हुरळून गेलं. नव्याण्णव म्हणजे केवढी प्रगती. आत काय होतं? सर्व्हरचे पासवर्ड गोळा करून बाहेर पाठवायच्या चाळीस ओळी. तारखा मात्र बरोबर मोजत होतं हं, लीप वर्षातसुद्धा, माझ्यापेक्षा बरोबर. चोर असावा तर असा कामसू.

बटण कुणी दाबलं? तुमच्या कागदावर आहेच की – माझ्या मेहुणीने. मंगळवारी बिल्ड चालवायचं काम तिच्याकडे होतं. तिला निलंबित करून मोकळे झालात, छान केलंत – बटण दाबणारं बोट सापडलं की चौकशी आटोपते, सगळे वेळेवर घरी जातात. मी तिची बाजू घेत नाहीये, नातं आहे म्हणून मी तर मुद्दाम गप्प बसलो. हुशार आहे, पण भारी शंकेखोर. मार्चमध्ये काय म्हणे, भावजी – ऑफिसात भावजी म्हणू नको असं शंभरदा सांगितलंय – म्हणे, आपल्या पॅकेजचं नाव बाहेरच्या कोठारात आपणच आधी नोंदवून ठेवू या, रिकामं का असेना, म्हणजे दुसऱ्या कुणाला घेता येणार नाही. दहा मिनिटांचं काम. कामाच्या यादीत रीतसर तिकीट, म्हणजे लेखी मागणी टाकली तिने. ते तिकीट बंद झालं, 'गरज नाही' असा शेरा मारून. कुणी म्हणजे? टीमने. त्या दिवशी टीममध्ये मी एकटाच होतो, ती रजेवर होती. अहो, पण आमच्या पॅकेजचं नाव बाहेर कुणाला ठाऊक असणार? नाव कळल्याशिवाय कुणी ठेवणार कसं? ती आल्यावर मी हे तिला सुनावलंसुद्धा, सगळ्यांसमोर. हसले सगळे.

मग कळलं कसं? ते तुम्ही शोधा, त्यासाठीच तर आलात. फुटतात अशी नावं. कुणीतरी बिल्ड अडलं म्हणून बाहेरच्या मंचावर प्रश्न टाकतो, खाली सगळ्या पॅकेजांची यादी चिकटवतो – चिकटवावीच लागते, नाहीतर तिथले पंडित आधी यादीच मागतात – आणि त्यातली घरची चार नावं खोडायची राहून जातात. घाईत होतं असं. बरं, उत्तर तरी धड मिळालं का? 'सूचना नीट वाचा' म्हणे, आणि वर माझे गुण कापले.

असं बघू नका. फिरवा तो लॅपटॉप इकडे. हो. मीच तो. मंचावरचा फोटो जुना आहे, केस होते तेव्हा.

तीन दिवस ती आमच्याकडेच आहे. बहिणीजवळ बसून असते, धड जेवत नाही. काल मला विचारलं, भावजी, माझ्याकडून नक्की काय राहिलं? मी म्हटलं, अगं होतं असं माणसाकडून, मी वर बोलतो, तुझ्यासाठी शब्द टाकतो. तर मला थँक्यू म्हणाली. लाज वाटते हो. तेव्हा नाही वाटली, आत्ता वाटतेय.

लिहा काय लिहायचं ते, मी सही करतो. तिला कोण सांगणार, तुम्ही? नको. मीच फोन करतो. बायको उचलेल आधी – तिलाही सांगावं लागेल. तुम्ही जरा बाहेर थांबा. आणि दार लावून घ्या.